काड्यापेट्यांतले मासे आणि मुंबईतले पाच दिवस

मंगळवार

सोमवारी संध्याकाळी वर्ध्याला विदर्भ एक्सप्रेस पकडली आणि सकाळी दादरला उतरले. पर्समध्ये पैशांपेक्षा जपून आणलेला स्टीलचा डबा होता. डब्यात अकरा काड्यापेट्या, प्रत्येकीत कापूस, कापसावर एखाद-दुसरं हाड. सगळ्यात मोठं माझ्या करंगळीच्या नखाएवढं, सगळ्यात लहान मोहरीपेक्षा किंचित थोर.

ही हाडं आमच्या मंडळींनी जमवलेली. मंडळी म्हणजे वरोऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची शिक्षिका, ती मी. एक पोस्टमन, एक कापूस पिकवणारा शेतकरी आणि माझे जुने-नवे पाच-सहा विद्यार्थी. आमच्या तालुक्यात डोंगरगाव आणि पिसदुरा ही दोन गावं आहेत. तिथल्या लॅमेटा नावाच्या जुन्या गाळाच्या थरांत डायनोसॉरची हाडं मिळतात हे पुष्कळांना माहीत असतं. डोंगरगावच्या थरांतून मासेही मिळाले, आणि 1908 साली ब्रिटिश म्युझियमच्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी त्यांना नावं दिली, हे गावातही फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यातल्या एकाचं नाव पिक्नोडस लॅमेटे. दुसरा इओसेरॅनस हिस्लोपी, नागपूरच्या पाद्री हिस्लॉप यांच्या नावावरून. आम्ही पाऊस पडून गेल्यावर शेतमालकाला विचारून बांधाकडेची माती आणतो, पाण्यात भिजवतो आणि चहाच्या गाळणीपासून पिठाच्या चाळणीपर्यंत एकेका जाळीतून काढतो. जाळीवर जे उरतं ते ताटात पसरून भिंगाखाली निवडतो.

निवडता येतं, ओळखता येत नाही. म्हणून मुंबई. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचं हाड ओळखायचं तर आधी आजच्या माशाचं हाड हातात घेऊन पाहायला हवं, आणि आमच्याकडे बाजारात रोहू, मरळ आणि झिंगे, एवढ्यावर गाडी थांबते. शिवाय पार्ल्याला राहणारे, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, ओळखीचे होते. त्यांनी गुरुवारची वेळ दिली होती.

ताईच्या घरी पोचून झोप काढली. संध्याकाळी ती म्हणाली, "मासेच बघायचे आहेत ना? मग उद्या पहाटे ससून डॉक. आणि जे उकळायचं ते उद्याच उकळ. परवा मार्गशीर्षातला गुरुवार, माझ्या स्वयंपाकघरात मासळी यायची नाही." बेत तिथेच ठरला.

बुधवार

पहाटेची लोकल, चर्चगेटहून टॅक्सी. ससून डॉक 1875 पासूनचा. तिथे पोचलो तेव्हा उजाडायचं होतं आणि लिलाव रंगात आले होते. ओल्या फरशीवर ढीग, ढिगाभोवती बायका, बर्फ फोडण्याचा आवाज, डोक्यावर पाट्या घेऊन "बाजू, बाजू" करत धावणारी माणसं. ताईनं तिच्या नेहमीच्या कोळणीला शोधून काढलं. सगळे तिला मावशी म्हणत होते, मीही म्हटलं.

मावशीला मी सरळ सांगितलं की खायला मासा नको, हाडं बघायची आहेत. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिनं हात पुसले, गिऱ्हाईक दुसरीकडे वळवलं आणि माझी काड्यापेटी क्रमांक तीन उजेडात धरली. त्यात सव्वा सेंटीमीटर लांबीचा, तपकिरी, एका कडेला करवतीसारखे दाते असलेला तुकडा होता. आमच्यात त्यावरून दोन तट होते. पोस्टमनकाकांना तो पाकटाच्या, म्हणजे लांब शेपटीच्या चपट्या समुद्री माशाच्या, शेपटीचा काटा वाटायचा, मला मगरीच्या पिल्लाच्या जबड्याचा तुकडा.

"ह्यो शिंगाल्याचा काटा हाय," मावशी म्हणाली. "येवरासा, पन शिंगाल्याचाच."

आणि मग तिनं जे दाखवलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. घमेल्यातून एक शिंगाळा, मिशावाला मासा, उचलला, कल्ल्याजवळचा बाजूचा काटा दोन बोटांनी उभा केला आणि म्हणाली, "आता दाब." मी दाबला. काटा हलेना. अंगठा दुखायला लागला तरी जागचा ढळेना. मग तिनं काटा मुळाशी धरून जरासा पिळला, मागे नेला, आणि तो अंगाला चिकटून निजला. काट्याच्या बुडाला एक वाकडा खुंटा असतो, तो खांद्याच्या हाडातल्या खाचेत फिरून अडकतो. जाळ्यात सापडलेल्या शिंगाळ्याचे काटे उभे राहून अडकले की ते सोडवताना हात फाटतात. तिच्या तळहातावर तशा तीन जुन्या खुणा होत्या.

मी भिंगातून आमचा तुकडा पुन्हा पाहिला. बुडाचा भाग मोडलेला होता, पण मोडलेल्या कडेवर वळणाची सुरुवात दिसत होती. पाकटाचा काटा तिथेच शेजारच्या पाटीत मिळाला. तो चपटा, दोन्ही कडांना दाते, दात्यांची टोकं बुडाकडे वळलेली, आणि बुडाला सांधा म्हणून काही नाहीच, कारण तो कातडीतून उगवलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर वाद उरला नाही. वर्षभर घातलेला वाद होता तो.

तिथून एक शिंगाळा, दोन ढोमे, एक वाकटी आणि पाकटाच्या जबड्याचा तुकडा घेतला. पाकटाचे दात म्हणजे फरशी बसवल्यासारखी चपटी तबकडी, शिंपले फोडायला. तशी सुटी फरशी आमच्या डब्यात एकही नव्हती, पण आता दिसली तर ओळखेन.

एक गोष्ट मात्र तिथे बिघडली. डबा उघडा ठेवून मी पाकटाकडे वाकले, आणि वरच्या पाटीतून ओघळलेलं बर्फाचं पाणी डब्यात गेलं. पेट्या लगेच उचलल्या. दहा वाचल्या. क्रमांक सातची चिठ्ठी जेल पेननं लिहिलेली होती. निळा डाग तेवढा राहिला, अक्षर एकही नाही. आणि सात नंबरमध्ये आमचा सगळ्यात देखणा दात होता, वालाच्या दाण्यासारखा लांबट, गुळगुळीत, मधोमध किंचित झिजलेला. तो डोंगरगावचा की पिसदुऱ्याचा, कुणाला सापडला, कुठल्या बांधावर, हे सगळं त्या चिठ्ठीवर होतं. परतीच्या लोकलमध्ये मी बोलले नाही.

दुपारी ताईच्या स्वयंपाकघरात काम सुरू झालं. घरी करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी रीत सांगते. मासा खळाखळा उकळायचा नाही. पाणी गरम करायचं, मासा सोडायचा, आच मंद ठेवायची. मांस सुटायला लागलं की काढून बोटांनी वेगळं करायचं. डोकं वेगळ्या भांड्यात, कारण डोक्याची हाडं डझनावारी सुटी होतात आणि कुठलं कुठलं ते नंतर कळत नाही. उरलेली चिकट घाण कोमट पाण्यात थोडी एन्झाइमवाली धुण्याची पावडर घालून रात्रभर भिजवली की निघते. ब्लीच वापरू नये, हाड भुसभुशीत होतं.

ढोम्याच्या डोक्यात दोन पांढरे खडे निघाले, चिनीमातीच्या बटणासारखे. हे हाड नव्हे. माशाच्या कानातला खडा, कर्णाश्म. ढोमा आणि घोळ यांच्या कुळात तो चांगला मोठा असतो आणि त्याच्या खाचेच्या आकारावरून जात सांगता येते. शिंगाळ्यात मोठा होतो तो दुसराच खडा, भिंगासारखा फुगीर. हैदराबादजवळ रंगापूरला डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधल्या, गाळात असे अश्मीभूत खडे मिळालेले आहेत.

मला एक पडताळून पाहायचं होतं. एका वाटीत व्हिनेगर घेतलं, त्यात ढोम्याचा एक खडा आणि शिंगाळ्याच्या काट्याचा तुकडा टाकला. खड्याभोवती लगेच बारीक बुडबुडे उठले. काट्यावर जवळजवळ काहीच नाही. खडा चुन्याच्या कार्बोनेटचा, हाड आणि दात फॉस्फेटचे, म्हणून हा फरक. आणि त्याच क्षणी पोटात कालवलं. मागच्या हिवाळ्यात चुनखडीच्या ढेकळांतली हाडं लवकर सुटी व्हावीत म्हणून आम्ही तीन बादल्या ढेकळं पातळ व्हिनेगरमध्ये मुरवली होती. हाडं, खवलं उत्तम निघाली. खडे असतील तर ते पाण्याबरोबर गेले. कधीतरी एखाद्या ढेकळात, डोंगरगावच्या जुन्या तळ्यातल्या माशाच्या कानातला खडा असेलही, आणि आम्ही तो मोरीत ओतला. आता प्रत्येक जागेची निम्मी माती नुसत्या पाण्यातच चाळायची, हे मी त्याच रात्री मंडळींना फोनवर सांगितलं.

वाकटीच्या कण्याच्या वर काही काटे मधेच फुगून गोळीसारखे झालेले होते. भाऊजी जेवताना म्हणाले, "आम्हाला लहानपणी वाटायचं वाकटीला रोग झालाय." रोग नव्हे, काही माशांत वयाबरोबर ठरावीक हाडं अशी सुजतात. टिली एडिंगर या जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंच्या नावानं त्यांना टिलीची हाडं म्हणतात. हौशी लोक ती हातात आली की दगड, बी, अंडं, काहीही समजतात.

गुरुवार

सकाळी हाडांची पातेली गॅलरीत, घरात लक्ष्मीची पूजा. मी पार्ल्याला.

सरांच्या खोलीत खिडकीशी दुर्बिणीसारख्या दोन नळ्यांचा सूक्ष्मदर्शक होता आणि भिंतीला बिस्किटांच्या डब्यांची उतरंड. प्रत्येक डब्यात एकेका माशाचा सांगाडा. त्यांनी आधी हाडं पाहिली नाहीत, चिठ्ठ्या वाचल्या. अकरापैकी दहा वाचून झाल्यावर सातव्या पेटीशी थांबले.

"ही कुठली?"

झालं ते सांगितलं. त्यांनी पेटी बाजूला ठेवली. "सुंदर दात आहे. पण आज याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. डोंगरगावचा गाळ तळ्यातला, पिसदुऱ्याची तांबडी माती पुराच्या मैदानातली. तुम्ही मला अर्धा प्रश्न देताय."

मला रडू आलं नाही, पण जवळ आलं होतं. मग त्यांनी चहा मागवला आणि चौथी पेटी उघडली.

चौथ्या पेटीत चार मिलिमीटरचा एक मणका. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात "साप? बेडूक?" असं लिहिलेलं. मी तसं का लिहिलं होतं ते सांगितलं: माशाचा मणका दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोल असतो, डमरूसारखा, हे मला माहीत होतं. रोहू खाल्लेल्या कुणीही तो पाहिलेला असतो. ह्या मणक्याला एका बाजूला वाटी होती आणि दुसऱ्या बाजूला गोळा. म्हणून मासा नाही, असं मी ठरवलं.

सर काही न बोलता उठले आणि वरच्या रांगेतला एक डबा काढला. त्यातला मणका माझ्या मणक्याशेजारी ठेवला आणि खुर्ची सोडून म्हणाले, "बसा. बघा."

पाहिलं. आकारानं पाचपट मोठा, पण तोच घाट. एका टोकाला गोळा, दुसऱ्याला वाटी, आणि बाजूच्या भिंतीवर तसेच बारीक खळगे. तो गारचा होता. गार म्हणजे मगरीसारख्या लांब तोंडाचा मासा. आज तो फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्युबात उरला आहे. आजच्या माशांत पुढून गोळा आणि मागून वाटी असा मणका जवळजवळ एकट्या गारचा. एका मत्स्यालयात मेलेला गार सरांनी कित्येक वर्षांपूर्वी मागून आणून साफ केला होता.

मी विचारलं, साप का नाही? त्यांनी पेन्सिलनं काढून दाखवलं. सापाच्या मणक्याचा गोळा मागच्या बाजूला असतो, आणि कमानीवर एकमेकांत रुतणारे जादा सांधे असतात. कणा लवचीक तरी निखळत नाही तो त्यांच्यामुळे. इथे ते सांधे नाहीत, मोडल्याच्या खुणाही नाहीत. बेडूक? काही बेडकांत गोळा पुढेही असतो, पण त्यांचा मणका चपटा आणि मज्जारज्जूची वाट ऐसपैस. इथे ती अरुंद. सरांनी प्रत्येक शक्यता हातात घेतली, फिरवली, मग खाली ठेवली. घाई नाही. दीड तास एका चार मिलिमीटरच्या हाडावर गेला आणि मला तो कमी वाटला.

मग नववी पेटी. चार चकचकीत चौकोनी चकत्या, पतंगाच्या आकाराच्या, काळपट. त्या आम्ही दगडाचे कपचे समजून टाकणार होतो, शेतकरीदादांनी अडवलं होतं, "दगडाला अशी चकाकी नसते, बाई." सरांनी त्या ओल्या करून भिंगाखाली धरल्या. वर काचेसारखा थर, त्याला गॅनॉइन म्हणतात. एका कडेला बारीक खुंटी, समोरच्या कडेला खाच. शेजारच्या खवल्याची खुंटी ह्या खाचेत, अशी सगळ्या अंगावर चिलखतासारखी बांधणी. गारची खवलं. वुडवर्डनं 1908 मध्ये डोंगरगावच्या ज्या माशांना नावं दिली त्यांत गारही होता, लेपिडोस्टियस इंडिकस.

"मग मणक्यावर तेच नाव लिहू?" मी उत्साहात विचारलं.

"नाही. 'गार-कुळ' इथे थांबा. एका मणक्यावरून त्यापुढे जाता येत नाही." तिसऱ्या पेटीवर त्यांनी "शिंगाळ्याच्या गणातला काटा" एवढंच लिहायला लावलं. मावशीचं बरोबर होतं हे त्यांनी मान्य केलं, फक्त तिचा शिंगाळा समुद्रातला, आमचा त्याचा फार लांबचा भाऊबंद. तीन पेट्यांवर "मासा, अधिक सांगता येत नाही". एका पेटीतलं हाड हाड नव्हतंच, चुन्यानं भरलेलं मुळाचं छिद्र होतं.

येताना लोकलमध्ये वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. आम्ही नावाच्या मागे लागलो होतो. माझ्या जुन्या वहीत सात ठिकाणी प्रश्नचिन्ह न घालता पूर्ण नावं लिहिलेली आहेत, चित्रांशी जुळवून. ती मी खोडणार आहे.

शुक्रवार

क्रॉफर्ड मार्केटला गेले ती जिवंत गार बघायला. तिथल्या शोभेच्या माशांच्या दुकानांत तो मिळतो, असं सरांनी सांगितलं होतं. दुसऱ्याच दुकानात दिसला. वीतभर लांब, काचेला समांतर, जवळजवळ न हलता तरंगणारा. दुकानदार म्हणाला, "ताई, हा लई वाढतो, मोठी टाकी लागेल." लोक घेतात आणि झेपेना झाला की तळ्यात सोडतात. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला होता. तसं कुणीही करू नये. इथल्या माशांना तो राहू देणार नाही.

पण त्या काचेसमोर मी अर्धा तास उभी होते. दिवा वरून पडत होता आणि त्याच्या अंगावर तिरक्या ओळीत पतंगाच्या आकाराच्या चकत्या चमकत होत्या. नववी पेटी पर्समधून काढून काचेला लावली. तो श्वास घ्यायला वर आला, हवेचा घोट घेतला, पुन्हा खाली गेला. गार हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात कोंदलेल्या पाण्यात तगतो. आमच्या डोंगरगावच्या तळ्यातही उन्हाळे असणारच.

दुपारी वस्तुसंग्रहालयात जाऊन आले. गर्दी होती, पाय दुखत होते.

शनिवार

रात्रीची गाडी होती. सकाळ वरळीला दिली. वरळीच्या टेकडीतल्या, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातून चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले होते. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांना राना पुसिला म्हटलं, नोबल यांनी 1930 मध्ये इंडोबॅट्रॅकस हे नवं प्रजातिनाम दिलं. त्या काळच्या हौशी माणसांनी, डॉक्टरांनी आणि इंजिनीअरांनी ते उचलून ठेवले म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहेत. आता टेकडीभर इमारती. गाळाचा थर मला कुठे दिसला नाही.

खाली कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळत होते. एक सुका बोंबील मागून घेतला आणि तिथेच दगडावर बसून कणा सोडवला. बोटांत धरताच मोडला. बोंबलाची हाडं इतकी मऊ आणि बारीक की गाळात पडल्यावर त्यातलं फारसं काही टिकायचं नाही. मग मनात आलं की आमच्या अकरा पेट्यांत कोण आहे? काटेवाला, चिलखतवाला, कठीण दातांचा. त्या तळ्यात बोंबलासारखे मऊ अंगाचे मासेही असतील, पुष्कळ असतील, आणि आमच्या चाळणीत ते कधीच येणार नाहीत. "डोंगरगावला कोणते मासे होते" असं मी वर्गात सांगायची. यापुढे "कोणते मासे उरले" असं सांगेन.

संध्याकाळी दादर स्टेशनवर बसले असताना फोन आला. आठवीतला मुलगा, आमच्यातला सगळ्यात धाकटा. पोस्टमनकाकांनी त्याला सातव्या पेटीची हकीकत सांगितली होती.

"बाई, तो वालासारखा दात ना? तो मला सापडला. माझ्या वहीत आहे."

"काय आहे वहीत?"

"थांबा, आणतो." पावलांचा आवाज, दप्तराची चेन. मग त्यानं वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं, थांबत थांबत. मी पर्समधून पेन्सिल काढली, यावेळी पेन्सिलच, आणि गुडघ्यावर कागद धरून लिहून घेतलं:

डोंगरगाव. शेताच्या उत्तरेचा बांध, बाभळीपासून बारा पावलं. पांढरट माती, वरून दुसरा थर. दोन ऑक्टोबर, सकाळी. पिठाच्या चाळणीत.

खाली त्याचं नाव लिहिलं. "काय" ह्या रकान्यात "मासा, दात" एवढंच लिहून सरांसाठी जागा सोडली, आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातव्या पेटीत ठेवली. गाडी फलाटाला लागत होती.